उणे अठरा

जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की एक पिवळा झेंडा वर चढतो. दर्यावर्दींच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ ठरलेला आहे: माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या. सोबत कप्तान एक फॉर्म भरतो. प्रवासात कुणी दगावलं का, कुणाला ताप आहे का, कुणाच्या अंगावर पुरळ आहे का. जुन्या फॉर्मात उंदरांचीसुद्धा चौकशी असायची, प्लेगच्या भीतीनं. बंदरातल्या आरोग्यखात्याचं समाधान झालं की परवानगी येते, झेंडा उतरतो आणि शिडी लागते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला की जेवणाआधी हात धुण्याइतका तो सवयीचा झाला होता. त्या फॉर्मात एक प्रश्न राहून गेलाय हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आलं तेव्हा मी स्वतःच शुगरचा पेशंट होतो.

मी जहाजावर बत्तीसाब. म्हणजे इलेक्ट्रिकल ऑफिसर. आपल्याकडचे खलाशी असलेल्या जहाजांवर चीफ इंजिनिअरला बडासाब म्हणतात, डेकवरच्या अधिकाऱ्याला मालमसाब आणि विजेचं बघणारा तो बत्तीसाब. माझं गाव गुहागरकडचं. घरात पहिला बल्ब लागला तेव्हा मी पाचवीत होतो, आणि पुढं जन्मभर पोट भरलं ते त्याच विद्येवर. कंटेनरच्या जहाजावर बत्तीसाबाचं निम्मं आयुष्य रीफरच्या मागं जातं. रीफर म्हणजे शीतपेटी, ४० फूट लांब, एका टोकाला स्वतःचं यंत्र, जहाजाच्या विजेला जोडलेली. केळी असतील तर आत तेरा अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर साल काळी पडते. गोठवलेलं मांस, मासे, कोंबडी असेल तर उणे अठरा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पेटीसमोर उभं राहून आकडा वहीत उतरवायचा. रात्री दोन वाजता एखादी पेटी बोंबलायला लागली की टॉर्च आणि स्पॅनर घेऊन वर चढायचं, जहाज डोलत असलं तरी. पेटीत काय आहे याच्याशी आपलं देणंघेणं नसतं. उणे अठरा म्हणजे उणे अठरा.

२००० नंतरची काही वर्षं मी पॅसिफिकमधल्या एका लहान फीडर जहाजावर, म्हणजे मोठ्या बंदरातून लहान बंदरांना कंटेनर पोचवणाऱ्या जहाजावर होतो. न्यूझीलंडहून निघायचं, फिजीत सुवा, टोंगात नुकुआलोफा, सामोआत आपिया, मग अमेरिकन सामोआचं पागो पागो, आणि परत. जाताना पेट्या भरलेल्या, येताना बऱ्याचशा रिकाम्या. रिकाम्या रीफरला वीज लागत नाही, त्यामुळं परतीच्या वाटेवर मला जरा झोप मिळायची. जाताना भरलेलं आणि येताना रिकामं, याच्याकडं तेव्हा मी एवढ्याच नजरेनं बघत होतो.

आपियात पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला हसूच आलं. पृथ्वीला वळसा घालून आलो आणि समोर गुहागर! माड, केळी, पपया, दर परसात नीरफणस. आपल्याकडं नीरफणसाची कापं रव्यात घोळवून तव्यावर परततात, पावसाळ्यात मासे नसले की ती माशांची जागा घेतात. तिथं त्याला उलु म्हणतात आणि तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात. अळूला तालो म्हणतात. आपण अळूच्या पानांच्या प्रेमातले, फदफदं काय नि वड्या काय. त्यांचा जीव कंदावर, आणि कंद म्हणजे आपली अळकुडी नव्हे, दोन्ही हातांनी उचलावा असा गड्डा. पानंही वाया घालवत नाहीत, त्यांत नारळाचं दाट दूध भरून पुरचुंडी करतात आणि तापलेल्या दगडांवर शिजवतात. पालुसामी तिचं नाव. रविवारी प्रार्थना आटोपली की घरोघरी तापल्या दगडांवर केळीची पानं पसरून स्वयंपाक मांडला जातो, तेव्हा मला अलिबागकडच्या पोपटीची आठवण यायची. फुगालेईच्या बाजारात अळूच्या गड्ड्यांचे ढीग लागलेले पाहून मी घरी फोन करून सांगितलं, की ही माणसं उपाशी मरणं शक्य नाही.

उपाशी मरत नव्हतीच ती.

बाजारातून दोन रस्ते ओलांडले की दुकानं. काउंटरमागं खारवलेल्या गोमांसाचे डबे छतापर्यंत रचलेले. त्याला तिथं पिसुपो म्हणतात. मजेशीर शब्द आहे: पहिल्यांदा डब्यातून जे अन्न त्या बेटावर आलं ते होतं 'पी सूप', वाटाण्याचं सार, म्हणून पुढं डब्यातलं जे काही आलं ते पिसुपो. लग्न, मयत, नव्या मुखियाची पदवी, कुठलंही मोठं कार्य असो, नातेवाइकांनी चटया आणि खोकी घेऊन जायची असतात. पूर्वी डुकरं आणि तालो न्यायचे, आता पिसुपोची खोकी, मासळीच्या डब्यांची खोकी, गोठवलेल्या कोंबडीची खोकी. जितकी खोकी जास्त तितका मान मोठा. आपल्याकडं आहेराच्या भांड्यांचं असंच नव्हतं का होत?

आणि दुकानाच्या मागच्या बाजूला फ्रीझर. त्यात मी आणलेला माल.

'माल' म्हणजे काय ते मला एकदा मालमसाबाच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत दिसलं. टर्की टेल्स. टर्कीच्या शेपटीकडचा मांसल गोळा, जिथं त्या पक्ष्याची तेलाची ग्रंथी असते. अमेरिकेत टर्की खातात पण हा तुकडा बहुतेकजण खात नाहीत. कारखान्यात पक्षी साफ करताना तो कापून बाजूला टाकतात. सामोआत त्याला मुलीपिपी म्हणतात, म्हणजे सरळसरळ टर्कीचं बूड. दुसरी ओळ मटण फ्लॅप्स. मेंढीच्या पोटाकडचा, बरगड्यांखालचा पातळ पट्टा, ज्यात निम्म्यापर्यंत चरबी असते. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त, पण हा पट्टा तिथल्या ताटात फारसा पडत नाही. टोंगात त्याला नुसतं सिपी म्हणतात, म्हणजे मेंढी. मेंढीचा दुसरा भाग तिथं सहसा पोचतच नसावा, त्यामुळं फरक करायची गरज पडली नसेल.

मी मांसाहारी माणूस, मला चरबीचं वावडं नाही. पण आमचा गोव्याचा चीफ कुक, ज्याला फेकून देणं म्हणजे पाप वाटायचं, त्यानं एकदा कुतूहलानं ते फ्लॅप्स शिजवून पाहिले. पातेल्यावर बोटभर तेल तरंगत होतं. त्यानं पातेलं माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, बत्तीसाब, हे तुम्ही रात्र रात्र जागून सांभाळता.

तेव्हा मी हसलो होतो.

एखाद्याला वाटेल, अळूचे ढीग समोर असताना लोक हे का घेतात? मलाही वाटायचं. आळस, दुसरं काय, असं मी मनात म्हणून मोकळा झालो होतो. उत्तर मला बंदरावरच्या टॅलीवाल्यानं दिलं. माटाऊटूच्या धक्क्यावर कंटेनर मोजून घेणारा, वयानं माझ्याएवढा, अंगानं माझ्या दुप्पट. त्यानं सांगितलं, १९९० साली ओफा नावाचं वादळ आलं, पुढच्या वर्षी वाल. नीरफणसाची झाडं मुळासकट गेली. त्यातून उठतोय तोवर १९९३ मध्ये तालोवर करपा आला. पानांवर तपकिरी ठिपके, मग भोकं, मग आठवड्यात सगळं पीक झोपलेलं. तालो हे त्यांचं मुख्य अन्न होतंच, शिवाय परदेशी जाणारा मालही तोच होता. दोन्ही एका फटक्यात गेलं. करप्याला दाद न देणारे नवे वाण तयार होऊन पुन्हा निर्यातीला लागायला पुढची बरीच वर्षं गेली. मधल्या काळात लोकांनी काय खायचं? भात, पाव, नूडल्स आणि फ्रीझरमधलं. मधल्या काळात जन्मलेल्या पोराची जीभ त्यावरच घडली. तो म्हणाला, माझ्या मुलाला तालो म्हणजे म्हाताऱ्यांचं खाणं वाटतं.

त्यात भर पैशाच्या वाटेची. सामोआची लोकसंख्या दोन लाखांच्या घरात, आणि घरटी कुणी ना कुणी न्यूझीलंडला किंवा ऑस्ट्रेलियाला कामाला. तिथून दर पंधरवड्याला पैसे येतात. मनीऑर्डरवर वाढलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेतात राबणारे हात मुंबईला गेले की घरात रोकड येते आणि शेत पडीक राहतं. मग रोकड घेऊन माणूस दुकानात जातो, आणि दुकानात तेच असतं जे जहाजातून आलेलं असतं.

पुढच्या वर्षी मी आपियात गेलो तेव्हा तो टॅलीवाला उभा नव्हता, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोजत होता. डाव्या पायाला बँडेज. 'सुका,' तो म्हणाला. साखर. मधुमेहाला तिथं माई सुका म्हणतात, साखरेचं दुखणं. दोन बोटं काढली होती. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्याखालचा पाय नव्हता, पण तो मात्र खुर्चीवर होता. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात, कमी खा. आणि माझ्याकडं बघून इतक्या मोकळेपणानं हसला की मीच खाली बघितलं. त्याच्या हातात माझ्या २२ रीफरची यादी होती.

*

आपियाला जहाजांबद्दल एक जुनी आठवण आहे. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून तालुने नावाचं जहाज आलं. जहाजावर फ्लूनं फणफणलेली माणसं होती, तरी त्याला धक्क्याला लागू दिलं. त्या वेळी सामोआचा कारभार न्यूझीलंडकडं होता. दोन महिन्यांच्या आत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली, म्हणजे दर पाचांतलं एक. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरानं, जॉन पॉयर त्याचं नाव, बंदरच कडेकोट बंद केलं आणि तिथं त्या फ्लूनं एकही माणूस गेला नाही. दोन बेटांमधलं अंतर किती, तर आमच्या जहाजाला एका रात्रीचं. पिवळ्या झेंड्याचं मोल मला त्या गोष्टीमुळं कळलं.

पण मग मला तो दुसरा शब्द खटकायला लागला. असंसर्गजन्य. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, दमा यांना सरकारी कागदांत असंसर्गजन्य आजार म्हणतात. एकाचा दुसऱ्याला होत नाही ते. शब्द बरोबर आहे, शिंकेतून शुगर पसरत नाही. पण ऐकताना असं वाटतं की हा आजार कुठून आलेलाच नाही, त्या माणसाच्या आतच उगवला. त्याच्या जिभेतून, आळसातून, फार तर आजोबांच्या रक्तातून. शास्त्रज्ञांनीही हा रस्ता धुंडाळला होता. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलं की दुष्काळ सोसलेल्या लोकांत साठवणुकीचा गुण पिढ्यानपिढ्या निवडला गेला असावा, आणि सुकाळात तोच गुण उलटला. पॅसिफिकमधली माणसं होड्यांतून लांब लांबचे प्रवास करत पसरली, तेव्हा त्यांना तर हे चपखल बसलं. असेलही त्यात काही. मी शास्त्रज्ञ नाही. पण मॅनिफेस्ट वाचता येणाऱ्या माणसाला रक्तापर्यंत जायची एवढी घाई का, हे कळत नाही.

जगात लठ्ठपणाचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांची यादी काढली की वरची बरीचशी नावं पॅसिफिकमधल्या बेटांची येतात. टोंगाचे राजे चौथे तौफाआहाऊ तुपोऊ एके काळी दोनशे किलोंच्या वर होते, १९७६ च्या गिनीज बुकात जगातला सर्वांत वजनदार राजा म्हणून त्यांची नोंद आहे. पुढं त्यांनीच व्यायामाची मोहीम काढली आणि स्वतः बरंच वजन उतरवून दाखवलं. मला हा माणूस आवडतो. पण राजाला जे जमतं ते खुर्चीवरच्या टॅलीवाल्याला जमावं अशी अपेक्षा करायची तर त्याच्या ताटाची व्यवस्थाही राजासारखी लावून द्यायला हवी.

फिजीनं २००० साली मटण फ्लॅप्सच्या विक्रीवर बंदी घातली. सामोआनं २००७ मध्ये मुलीपिपीवर. मला बंदी कळली ती वर्तमानपत्रातून नव्हे, प्लगांवरून: आपियासाठीच्या टर्कीच्या पेट्या यायच्या थांबल्या, पागो पागोच्या येत राहिल्या. मग सामोआला जागतिक व्यापार संघटनेत जायचं होतं. वाटाघाटीत अट पडली, बंदी उठवा. एवढ्याशा देशाला कोण विचारतो? तडजोड अशी की बंदी जाईल, त्याऐवजी आधी ३०० टक्के जकात, दोन वर्षांनी १०० टक्के. मे २०१२ मध्ये सामोआ सभासद झाला आणि पुढच्या वर्षी टर्कीचं बूड कायदेशीरपणे परत आलं. बंदी होती तेव्हाही लोक काही अळूकडं धावले नव्हते, त्या जागी कोंबडीच्या तंगड्या आल्या होत्या. त्याही उणे अठरालाच जातात. १९१८ मध्ये बंदर बंद करणाऱ्या गव्हर्नराला कुणी व्यापार अडवला म्हणून जाब विचारला नाही.

याच सुमाराला मला एका म्हाताऱ्या न्यूझीलंडर इंजिनिअरनं नाउरूची गोष्ट सांगितली. त्या बेटावर मी कधी गेलो नाही. उणंपुरं २१ चौरस किलोमीटरचं बेट, आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं उत्तम फॉस्फेट सापडलं, आणि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ते उपसायचं ठरवलं. बेटाचा मधला पठारासारखा भाग खरवडून काढला. आता तिथं चुनखडीचे सुळके उरलेत, ज्यांवर काही पिकत नाही. त्या फॉस्फेटचं काय झालं? त्याचं खत झालं आणि ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कुरणांवर पडलं. कुरणं हिरवी झाली. कुरणांवर मेंढ्या वाढल्या. चांगलं मांस लंडनला गेलं. आणि पोटाकडचा पट्टा बोटीत बसून परत बेटांकडं आला. म्हातारा हे सांगताना रागात वगैरे नव्हता. खत त्याच्या बापाच्या शेतावरही पडलं होतं.

१९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाला, आणि फॉस्फेटच्या पैशानं काही वर्षं जगातल्या श्रीमंत देशांत मोजला गेला. जमीन गेली होती, पैसा आला होता, तेव्हा अन्न बाहेरून येणार हे ओघानंच आलं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तिथं मधुमेहाची तपासणी झाली तेव्हा प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तो निघाला. तोवर जगात इतका मोठा आकडा फार थोड्या ठिकाणी निघाला होता.

*

माझी शुगर मेडिकलमध्ये निघाली. जहाजावर चढण्याआधी तपासणी होते, त्यात. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, जिभेचे चोचले. बायको काही बोलली नाही, फक्त चहातली साखर बंद केली. डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, काका, पथ्य पाळायला हवं. मी विचारलं, जहाजावर पथ्य कसं पाळायचं? स्टोअर्स बंदरात एकदाच भरतात. पालेभाजी आठवड्यात संपते. मग बटाटा, कांदा, कोबी आणि फ्रीझर. चालायला सव्वाशे मीटरचा डेक, त्यावर कंटेनर. रविवारी बिर्याणी आणि आइस्क्रीम, कारण सहा सहा महिने घर न बघणाऱ्या माणसाला रविवार कळायचा तर तो जिभेवरच कळतो. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की जहाज म्हणजे पण बेटच हो. त्यांनी मान डोलावली आणि मेटफॉर्मिन लिहून दिलं.

गोळ्यांवर असताना आणखी काही वर्षं समुद्रावर निघाली. शेवटची दोन जहाजं हिंदी महासागरातली, आणि त्यामुळं पोर्ट लुई. मॉरिशस.

तिथं मला आपली माणसं भेटली. धक्क्यावर क्रेनच्या कामाला असलेल्या एका गृहस्थानं माझ्या छातीवरचं नाव वाचून मराठीत विचारलं, तुम्ही रत्नागिरीचे? त्याचं मराठी शाळेत शिकलेलं, जपून ठेवलेल्या कपड्यासारखं घड्या पडलेलं. आजी बोलायची, तो वाचू शकतो. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस जहाज पहिले ३६ मजूर घेऊन तिथं लागलं, आणि पुढच्या पाऊण शतकात जवळपास पाच लाख माणसं ऊस तोडायला नेली गेली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत आपली कोकणातली होती. त्यांचे वंशज आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी घेतात. ऊस तोडायला नेलेल्यांच्या पतवंडांना साखरेचा आजार, ही जुळणी फार सोपी आहे, आणि तिथले लोक ती ऐकून कंटाळलेत. त्या गृहस्थानं मला वेगळी गोष्ट सांगितली. पहिल्या करारात होते महिना पाच रुपये आणि शिधा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ. तो शिधाही जहाजातूनच यायचा. सगळ्या जमिनीवर ऊस, तेव्हा ताटात जे पडेल ते धक्क्यावरून येईल, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आजही त्या देशाचं तीन-चतुर्थांश अन्न बाहेरून येतं.

रस्त्यावर डाळपुरी मिळते, आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची चुलतबहीण, आत डाळीचा भुगा. दोन दोनच्या जोडीनं खातात, मधे रस्सा आणि लोणचं. मी जोडी खाल्ली. त्या गृहस्थानं एकच घेतली, आणि त्याला तेल फार नाही ना ते आधी बघून घेतलं. त्यालाही शुगर.

त्याच्याकडूनच मला तेलाचा किस्सा कळला, आणि नंतर मी तो खरा आहे का ते शोधून वाचला. १९८७ मध्ये मॉरिशसनं सगळ्या बेटाची तपासणी केली. मधुमेह भरपूर निघाला, आणि तो भारतीय, क्रेओल म्हणजे आफ्रिकी वंशाचे, चिनी अशा सगळ्यांत जवळपास सारखा. तिन्ही लोकांचे पणजोबा वेगवेगळ्या मुलखांतले, ताट मात्र एका बंदरातलं. कोलेस्टेरॉलही वाढलेलं होतं. रेशनवर स्वस्तात मिळणारं खायचं तेल बहुतांशी पामचं होतं. सरकारनं ते बदलून सोयाबीनचं केलं. कुणाला व्याख्यान दिलं नाही की कुणाची जीभ धरली नाही. बाटली तीच, रांग तीच, भजी तीच. १९९२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी कोलेस्टेरॉल, आपल्या लॅबच्या हिशेबात, २१३ वरून १८२ च्या आसपास आलं होतं. अख्ख्या देशाचं! पथ्य हा शब्द पथ या शब्दावरून आला, वाटेला धरून असलेलं ते पथ्य. मॉरिशसला वाटच बदलली आणि पथ्य न पाळता पाळलं गेलं.

साखर मात्र खाली आली नाही. ती पुढची बरीच वर्षं वाढत गेली, आणि आजही तिथं दर पाच प्रौढांत जवळपास एकाला मधुमेह आहे. तेल एका सहीनं बदलता येतं. मैदा, भात, शीतपेयं, बसून करायची कामं आणि उसाच्या शेतावरून उठलेल्या कॉलन्या एका सहीत मावत नाहीत. २०१३ पासून तिथं शीतपेयातल्या साखरेवर ग्रॅमच्या हिशेबानं कर आहे. गृहस्थ म्हणाला, नातू कराचे पैसे माझ्याकडून घेतो.

*

मग इन्सुलिन लागलं आणि समुद्र सुटला. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला जहाजावर कोण घेणार? मी भांडलो नाही.

आता गावात असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात, जिथं लहानपणी गोडंतेल मापानं मिळायचं, तिथं वेफर्स आणि नूडल्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, बाहेरून बघितलं तर लग्नघराचं तोरण वाटावं. परसातल्या नीरफणसाला या वर्षी इतके फणस लागले की शेजाऱ्यांना द्यावे लागले, आणि दोघांनी परत पाठवले, पोरं खात नाहीत म्हणून.

जुनी सवय जात नाही. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजच्या दाराशी मी एक थर्मामीटर लावलाय आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो. बायको आधी हसायची, आता मी बाहेरगावी असलो तर तीच लिहिते. जूनमध्ये पहिल्या पावसाला वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नसतो. यंदा दोन दिवस गेली. पहिल्या रात्री आठ वाजता दिवे मालवले आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो बत्तीसाब, लाइट गेली!"

मी टॉर्च लावून फ्रीज उघडला. सहा होतं. तासाभरानं नऊ. मग माठाच्या आत लहान मडकं ठेवलं, पाण्याला टेकेल असं, त्यात कुपी ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. टॅलीवाल्याची आठवण आली. त्याच्याकडं वादळात वीज किती दिवस जात असेल, आणि माठ असेल का. थर्मामीटर मडक्यात सोडला आणि वहीत वेळ लिहिली.